सहलीतला कोरा शनिवार-रविवार

मैत्रिणींनो, परदेशची सहल ठरली की घरात पहिल्यांदा काय होतं? ‘हे’ कागद-पेन्सिल घेऊन बसतात आणि दिवसांचे रकाने आखतात. एकही रकाना रिकामा दिसता कामा नये! एवढा पैसा ओतून जायचं, मग तासभर तरी वाया का घालवायचा? हा हिशेब ऐकून आपणही मान डोलावतो. मग चौथ्या दिवशी धाकटी रडतेय, थोरल्यानं फुटपाथवरच फतकल मारलीय, आणि ओले टॉवेल, बाटल्या, बिस्किटांचे पुडे असा सगळा संसार आपल्या खांद्यावर.

म्हणून या खेपेला एवढंच सांगते, मुलं बरोबर असतील तर सहलीतला शनिवार-रविवार कोरा ठेवा. सिंगापूरचंच उदाहरण घेऊ. पहिल्या परदेशवारीला आपल्याकडची पुष्कळ कुटुंबं तिकडेच जातात.

आधी घड्याळ बघा. सिंगापूर आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. सहलीची बस सकाळी ८ ला दारात उभी राहते, तेव्हा पोराच्या अंगातलं घड्याळ साडेपाच दाखवत असतं. रात्री १० ला ‘झोप आता’ म्हणून दटावलं, तर त्याच्या लेखी अजून साडेसातच झालेले! मग मूल हट्टी झालंय असं आपण म्हणतो. हट्टी कसलं, दमलेलं असतं बिचारं. त्यातून शनिवार-रविवारी तिथल्या शाळांनाही सुट्टी, म्हणजे प्राणिसंग्रहालयापासून सगळीकडे गर्दी. तिकिटाची ठिकाणं मधल्या वारी उरकावीत हे उत्तम.

शनिवारी मुलांना जाग येईल तेव्हा उठू द्या. मग भुयारी रेल्वेनं थेट ‘बोटॅनिक गार्डन्स’ स्टेशन गाठा. ही बाग १८५९ सालची, आणि २०१५ मध्ये युनेस्कोनं तिला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. आत जायला पैसे पडत नाहीत. याच बाजूला ‘जेकब बॅलस’ नावाची मुलांची वेगळी बाग आहे. तिथे झाडावरचं घर आहे, घसरगुंडी आहे, पाण्यात खेळायची जागा आहे. गंमत म्हणजे बरोबर मूल असल्याशिवाय मोठ्या माणसाला आत सोडतच नाहीत! कपड्यांचा एक जादा जोड मात्र पिशवीत हवाच.

मुलं जरा मोठी असतील तर त्यांच्या हाती सिंगापूरची ५ डॉलरची नोट द्या. तिच्यावर छापलेलं टेंबुसूचं जुनं झाड याच बागेत आहे. ‘शोधून काढा’ म्हणावं. तुम्हाला हवंच असेल तर ऑर्किडची बाग बघा. तिचं तेवढं तिकीट आहे. सिंगापूरचं राष्ट्रीय फूल ‘वांदा मिस जोआकिम’ हे ऑर्किडच. अ‍ॅग्नेस जोआकिम या बाईंच्या घरच्या बागेतलं, १८९३ मध्ये जगापुढे आलेलं. पण बाग ऐंशीएक हेक्टरांची आहे बरं का! सगळी बघून संपवायचा चंग बांधलात, तर शनिवार कोरा ठेवून उपयोग काय? दुपारी तिथे ऊन आणि दमट हवा, आणि मधूनच गडगडाटासह सर. तेव्हा जेवणाच्या वेळेला परत फिरा, आणि दुपारी सगळ्यांनी चक्क झोपा.

एक ध्यानात ठेवा, भुयारी रेल्वेत खाण्यापिण्यास बंदी आहे. दंड ५०० डॉलरपर्यंत होऊ शकतो, म्हणून छोटीच्या हातातलं बिस्कीट स्टेशनात शिरण्यापूर्वीच संपवा.

आता रविवार. याबद्दल मला थोडं परखडच बोलायचंय. सुट्टी सगळ्या घराची म्हणतात, पण हॉटेलच्या खोलीतही न्हाणीघरात कपडे कोण पिळतं? उद्याचे मोजे कोण शोधतं? तेव्हा रविवारी सकाळचे दोन तास तुमचे, असं निघण्यापूर्वीच, तोंडावर सांगून ठरवून घ्या. मुलांना पोहायला वडिलांनी न्यावं. हॉटेलात तलाव नसेल तर नुसतं आगगाडीतून चार स्टेशनं फिरवून आणावं, मुलांना तीही मौज. मोजे सापडले नाहीत तर बिनमोज्यांचं जाऊ द्या. तुम्ही पडून राहा, वाचा, नाही तर एकट्या फिरून या. संध्याकाळी त्यांना तेवढाच वेळ द्या, म्हणजे कुरकूर नाही.

सिंगापुरात रविवारी ऑर्चर्ड रोडला, बागांमधून, फिलिपीन्स-इंडोनेशियाकडच्या बायकांचे घोळके बसलेले दिसतील. डबे उघडलेले, हसणं-खिदळणं चाललेलं. या बहुतेक घरकामाला राहणाऱ्या. दुसऱ्यांची मुलं सांभाळतात आणि आपली गावी ठेवून येतात. आठवड्याची सुट्टी त्यांच्या हक्काची झाली ती २०१३ पासून, तीही कायदा करावा लागला तेव्हा. आपल्या घरी असला कायदा कोण करणार?

बॅग भरताना आणखी एक जपा. खसखस सिंगापुरात न्यायला मनाई आहे. तिथे ती अमली पदार्थांच्या कायद्यात येते. दिवाळीच्या सुट्टीत जाणार असाल तर अनारसे, खसखस घातलेल्या करंज्या घरीच राहू द्या, आणि गोड्या मसाल्याच्या पुडीत काय काय कुटलंय तेही आठवून बघा. चिवडा न्या, चकल्या न्या. पण खरं सांगू? पोळ्यांचा गठ्ठा नि विजेची शेगडी तरी नेऊ नका. तिथे ‘हॉकर सेंटर’ म्हणून मोठ्या खाद्यशाळा असतात, स्वच्छ आणि स्वस्त. त्या खाद्यसंस्कृतीची युनेस्कोनं २०२० मध्ये नोंद घेतली आहे. लिट्ल इंडियातल्या टेक्का सेंटरला इडली-डोसा मिळतो. रविवारी संध्याकाळी त्या भागात पाऊल ठेवायला जागा नसते, म्हणून लवकर जा. खाऊन झाल्यावर ताट आपणच उचलून ठेवायचं असा तिथला नियम आहे. ते काम मुलांना द्या, हौसेनं करतात.

आणि चहा मागायचा तर ‘तेह हालिया’ म्हणा, म्हणजे आल्याचा मिळेल. त्यात घट्ट गोड दूध घालतात, तेव्हा साखर कमी हवी असेल तर ‘सिउ दाय’ एवढं सांगा.