सुगंधी वड्यांचा घरगुती व्यवसाय

जर्मनीतील नेकारसुल्म हे गाव मोटारींच्या कारखान्यासाठी प्रसिद्ध आहे. अशा परक्या गावी नव्याने बिऱ्हाड थाटणाऱ्या आपल्या भगिनींना घरबसल्या उत्पन्नाचा मार्ग म्हणून सुगंधी मेणाच्या वड्या सुचविल्या जातात. या वडीस वात नसते. दिव्यावर ठेवलेल्या वाटीत वितळून ती खोलीभर वास पसरविते. भांडवल थोडे लागते, हे खरे. परंतु दालचिनी, संत्रे, व्हॅनिला यांचे वास नाताळाच्या सुमारास तेथील दुकानांतून दरवळतच असतात. त्यांची नक्कल करून कारखान्याच्या किमतीशी झुंजण्यात आमच्या मते श्रम व्यर्थ जातील. वाळा, मोगरा, केवडा, मलिद्याच्या प्रसंगीचा सब्जा, हे वास तेथे कोण नेणार?

साधारणतः १०० ग्रॅम मेणास ६ ते १० ग्रॅम सुगंधी तेल पुरते. अधिक घातल्यास ते घामासारखे वर सुटते. स्वस्त मोगऱ्याचे तेल बहुधा कृत्रिम असते. त्यास ‘नैसर्गिक’ म्हणून विकणे ही फसवणूकच होय. लवंगतेलातील युजेनॉल काहींच्या त्वचेस बाधते, म्हणून ठराविक प्रमाणापुढे त्याचा उल्लेख वेष्टनावर करण्याचे बंधन युरोपीय कायद्याने घातले आहे. व्यवसायाची नोंद नगरपालिकेत प्रारंभीच करावी लागते. वेष्टनांसाठी २०१९ पासून ‘ल्युसिड’ नोंदवहीत नाव घालणेही आवश्यक आहे. “घरचेच तर आहे” म्हणून हे टाळण्याचा सल्ला देणारे पुष्कळ भेटतील. दंड भरावयास त्यांपैकी कोणी येत नाही. वडीची किंमत ठरविताना वेष्टनयोजनेचे शुल्क आणि आपल्या श्रमाचे तासही हिशेबात धरावेत.