हंगाम विद्यावेतनासाठी थांबत नाही

नवदीक्षित कुटुंबांतील माता-पित्यांचे लक्ष आज आम्ही अशा एका विषयाकडे वेधू इच्छितो, की ज्याचा उच्चार आपल्या सभा-संमेलनांत क्वचितच होतो. हा विषय पिकांवरील बुरशीजन्य रोगांचा आहे, आणि त्या रोगांना तोंड देणारे वाण शोधण्यासाठी विद्यापीठांत जी मुले-मुली पीएच.डी.चे संशोधन करतात, त्यांच्या विद्यावेतनाचाही आहे. वरवर पाहता हे दोन प्रश्न भिन्न वाटतील. परंतु थोडा विचार केल्यास ते एकच आहेत, हे आपणांस पटल्यावाचून राहणार नाही.

आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात प्रथमच एक आक्षेप उभा राहील, हे आम्ही जाणून आहोत. "आमच्या बापजाद्यांनी दुसऱ्याच्या बांधावर राबून जन्म घालविला. त्या चिखलातून बाहेर पडावे म्हणून तर पोरीला शिकविले. तिने कलेक्टर व्हावे, वकील व्हावे. पुन्हा बाजरीच्या कणसांत कशाला जावे?" हा आक्षेप रास्त वेदनेतून येतो. तथापि दुसऱ्याच्या शेतात हुकमाने राबणे आणि त्याच शेतात कोणते बी पेरावे हे ज्ञानाच्या बळावर ठरविणे, या दोहोंत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पहिल्यात गुलामी आहे, दुसऱ्यात अधिकार आहे. ज्यांनी शतकानुशतके पीक कापले, त्यांच्या मुलांनी त्या पिकाचे शास्त्र दुसऱ्यांवर सोडून द्यावे, यात कसली मुक्ती?

शिवाय पीक बुडाले की प्रथम कोणाची चूल विझते, हे आपणांस सांगणे नलगे. १९६५ साली पंजाबातील लुधियाना येथून बाजरीचा पहिला संकरित वाण प्रसारात आला, आणि त्याच मालिकेतील एचबी-३ हा वाण लवकरच कोरडवाहू मुलखात सर्वत्र पसरला. उत्पन्न भरघोस येई. परंतु या सर्व वाणांचे मादी वाण अमेरिकेतून आणलेले एकच होते, आणि गोसावी अथवा केवडा या रोगापुढे त्याचा टिकाव लागत नव्हता. १९७१ साली त्या रोगाची साथ आली. कणसात दाण्यांऐवजी हिरव्या पानांचा झुपका दिसू लागला. ज्याच्या घरात दोन वर्षांचे धान्य साठलेले होते, तो तरला; ज्याची मजुरीच पायलीने मोजून मिळत होती, त्याच्या हाती काय आले असेल? महाराष्ट्राच्या दुष्काळाचीही तीच वर्षे होती. (या रोगाचे कारण असलेल्या जीवास आजचे शास्त्रज्ञ खऱ्या बुरशीत न गणता तिच्यासारख्या दिसणाऱ्या निराळ्या गटात घालतात, पण शेतकऱ्याच्या नुकसानीत त्याने काडीचाही फरक पडत नाही.)

यावर उपाय निघाला तो संशोधनातूनच. हरियाणाच्या कृषी विद्यापीठाने १९९० साली एचएचबी-६७ हा अतिशय लवकर पिकणारा संकरित वाण दिला. पुढे त्यालाही केवड्याची लागण होऊ लागली. तेव्हा हैदराबादजवळील पाटणचेरू येथील इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय संस्था, हरियाणाचे विद्यापीठ आणि ब्रिटनमधील संशोधक यांनी मिळून, रोगाला दाद न देणारी जनुके गुणसूत्रांवर नेमकी कोठे आहेत हे डीएनएवरील खुणांच्या साहाय्याने शोधले व ती जुन्या वाणाच्या जनकांत आणली. सुधारित एचएचबी-६७ हा वाण २००५ साली प्रसारित झाला. या खुणा शोधण्याचे काम १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत सुरू झाले होते, हे ध्यानी घ्या. म्हणजे प्रयोगशाळेपासून शेतकऱ्याच्या पाभरीपर्यंतच्या प्रवासास दहा वर्षांहून अधिक काळ लागला, आणि त्या सर्व काळात कोणी तरी पैसा पुरवीत होते. त्यात ब्रिटिश सरकारच्या मदतीचा वाटा मोठा होता.

हे काम एकदा करून संपत का नाही, तेही समजून घेतले पाहिजे. गव्हाच्या तांबेऱ्याला विरोध करण्याचा गुण आनुवंशिक नियमांनुसार पुढील पिढीत उतरतो, हे केंब्रिजच्या रोलंड बिफेन यांनी १९०५ साली दाखविले. पुढे अमेरिकेतील उत्तर डाकोटात हॅरोल्ड फ्लोर यांनी जवस आणि जवसाचा तांबेरा यांचा अभ्यास करून सिद्ध केले, की वनस्पतीतील विरोधाच्या प्रत्येक जनुकास जुळणारे एक जनुक बुरशीतही असते. कुलूप आणि किल्ली असे हे नाते आहे. बुरशीत अल्पसा बदल झाला की तिची किल्ली बदलते, आणि काल अभेद्य असलेला वाण आज उघडा पडतो. १९९८ मध्ये युगांडात आढळलेल्या व पुढे 'यूजी-९९' या नावाने ओळखल्या गेलेल्या काळ्या तांबेऱ्याने, जगभरच्या गव्हाचे वर्षानुवर्षे रक्षण करणारे एक प्रमुख जनुक असेच निकामी केले. सारांश, कुलपे सतत घडवीत राहावी लागतात, आणि ती घडविणारे हातही पिढ्यान्-पिढ्या तयार करावे लागतात. हे हात म्हणजेच पीएच.डी.चे विद्यार्थी.

आता हे हात कसे तयार होतात ते पाहा. आग्र्याचे प्राध्यापक करमचंद मेहता यांनी अनेक वर्षे खपून दाखवून दिले, की मैदानी प्रदेशातील उन्हाळ्यात तांबेऱ्याचे बीजाणू तग धरत नाहीत. ते डोंगराळ भागात टिकतात आणि तेथून वाऱ्याबरोबर पुन्हा खाली येतात. त्यांच्या या कार्याला त्या वेळच्या इंपीरियल कौन्सिल ऑफ ॲग्रिकल्चरल रिसर्चचे अर्थसाहाय्य लाभले होते. नॉर्मन बोरलॉग हे आयोवातील एका साध्या शेतकऱ्याचे पुत्र. शिक्षणासाठी त्यांना मध्येच नोकऱ्या धराव्या लागल्या. १९४२ साली त्यांनी मिनेसोटा विद्यापीठात जवसाच्या मर रोगाच्या बुरशीवर प्रबंध सादर केला. मग रॉकफेलर प्रतिष्ठानच्या पैशावर मेक्सिकोत तांबेऱ्याशी झुंज दिली. आणि त्यांच्या गव्हाचे १८,००० टन बियाणे १९६६ साली भारताने आणविले. १९७० साली त्यांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. बुद्धीमागे नियमित पैशाचे बळ असेल तर काय घडते, याचा हा दाखला आहे.

म्हणून आमचा मुद्दा असा आहे : पीकसंशोधनाच्या विद्यार्थ्यास वृत्ती किती मिळते याइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, ती केव्हा मिळते हा प्रश्न महत्त्वाचा आहे. अधिछात्रवृत्तीची मुदत साधारणतः पाच वर्षांची. पहिले वर्ष अभ्यासक्रमात आणि विषय मंजूर करून घेण्यात जाते. शेवटचे प्रबंध लिहिण्यात. मध्ये उरतात तीन वर्षे, म्हणजे तीन खरीप किंवा तीन रब्बी. पहिल्या हंगामात संकर करावा, दुसऱ्यात त्याची पिढी वाढवावी, तिसऱ्यात रोगाची मुद्दाम लागण करून कोणते रोप जगते व कोणते मरते हे नोंदवावे. अशा वेळी जूनमध्ये येणारे पैसे डिसेंबरात आले, तर सहा महिने गेले असे म्हणणे चूक आहे. एक संपूर्ण पेरणी गेली, म्हणजे संशोधनाचा एक तृतीयांश भाग गेला. मृगाचा पाऊस कोणाच्या मंजुरीच्या टिपणीची वाट पाहत नाही.

हा घाव सर्वांवर सारखा पडत नाही. ज्या विद्यार्थ्याच्या घरी वीस एकर बागायत आहे, त्याचा बाप सहा महिने पैसे पाठवू शकतो. भूमिहीन मजुराच्या मुलीला मात्र वसतिगृहाचे भाडे थकले की एखाद्या शिकवणी वर्गात नोकरी धरावी लागते, आणि तिची रोपे पाण्यावाचून वाळतात. नियम दोघांना एकच असला तरी त्याचा परिणाम विषम होतो, आणि विषम परिणामाकडे डोळेझाक करणारी समता ही कागदावरची समता होय.

परमपूज्य बाबासाहेबांचे चरित्र येथे आठवावे. १९१३ साली श्रीमंत सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना दरमहा साडेअकरा पौंडांची, तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली. तिच्या आधारे कोलंबिया विद्यापीठातील अध्ययन झाले. परंतु लंडनचा अभ्यास ऐन रंगात असता १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि त्यांना परतावे लागले. प्राध्यापकी करून, काटकसरीने पैसा साठवून, राजर्षी शाहू महाराजांच्या आणि नवल भथेना या मित्राच्या साहाय्याने ते १९२० साली पुन्हा लंडनला गेले, आणि १९२३ साली त्यांनी डी.एस्सी. ही पदवी संपादिली. तीन वर्षे ती गेलीच! तरी लंडनच्या ग्रंथालयांतील ग्रंथ त्या काळात आपल्या जागी होते. शेतातील रोप मात्र तीन वर्षे तर काय, तीन आठवडेही कोणासाठी थांबत नाही.

आज हक्क कोणते आहेत? संविधानाचे ४६ वे कलम अनुसूचित जातींच्या शैक्षणिक हिताची विशेष काळजी घेण्यास राज्यास सांगते. महाराष्ट्राने बौद्धांस सवलती आधीच दिल्या होत्या. केंद्राने मात्र १९९० च्या दुरुस्ती कायद्याने अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांस अनुसूचित जातींचे स्थान मान्य केले. २००५-०६ पासून अनुसूचित जातींच्या संशोधकांसाठी केंद्राची राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती आहे. राज्यात पुण्याच्या बार्टी संस्थेची डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नावाची अधिछात्रवृत्ती आहे. १ जानेवारी २०२३ पासून केंद्राने वाढविलेला दर पहिल्या दोन वर्षांस दरमहा ३७,००० रुपये व नंतर ४२,००० रुपये असा आहे. रक्कम लहान नाही, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे.

परंतु कागदावरील रकमेने खानावळीचे बिल भागत नाही. आपल्या हक्काच्या अधिछात्रवृत्तीसाठी संशोधक विद्यार्थ्यांना मुंबईच्या आझाद मैदानावर धरणे धरावे लागले, हे आपण पाहिलेच आहे. अल्पसंख्याकांसाठी असलेली मौलाना आझाद अधिछात्रवृत्ती बौद्धांनाही खुली होती. ती बंद केल्याचे केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये संसदेत सांगितले. शासनाच्या वतीने दोन गोष्टी मांडल्या जातात : निधीला मर्यादा आहे, आणि हिशेब तपासल्यावाचून सार्वजनिक पैसा देता येत नाही. दुसरी गोष्ट आम्हांस मान्य आहे. हिशेब अवश्य तपासावा. पण तो पेरणीनंतर तपासावा. पहिलीविषयी एवढेच म्हणतो, की निधी कमी असेल तर जागा किती हे जाहिरातीतच सांगावे. जाहिरात काढून, निवड करून, मग हात आखडणे हे मनमानीचे कृत्य आहे, आणि मनमानीस संविधानाच्या १४ व्या कलमात जागा नाही.

सबब आमची मागणी स्पष्ट आहे. पीकसंशोधन करणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याची सहामाही वृत्ती खरिपासाठी मे अखेर आणि रब्बीसाठी सप्टेंबर अखेर आगाऊ जमा व्हावी. शासनाच्या चुकीने हंगाम बुडाल्यास वृत्तीची मुदत तेवढीच वाढवून मिळावी. याला नवा कायदा लागत नाही. नियमात दोन ओळींची भर पुरेशी आहे.

आता आपले कर्तव्य. कृषी पदवीधर मुलांनी भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची पीएच.डी. प्रवेशपरीक्षा, आणि वनस्पतिशास्त्र वा जैवतंत्रज्ञान शिकलेल्यांनी जीवशास्त्रातील 'नेट', अशा दोन वाटा आहेत; त्यांची माहिती पदवीच्या दुसऱ्या वर्षीच करून घ्या. राहुरी, अकोला, परभणी व दापोली ही चार कृषी विद्यापीठे आपल्याच राज्यात आहेत. विषय घेण्यापूर्वी मार्गदर्शकाकडे प्रयोगाचे शेत, काचगृह व प्रकल्पाचा निधी आहे काय, हे नम्रपणे पण स्पष्ट विचारावे. केंद्राच्या योजनेसाठी केंद्राच्याच नमुन्यातील, मूळ जात व बौद्ध धर्म दोन्ही नमूद असलेला दाखला आधी काढून ठेवावा. प्रगती-अहवाल मुदतीत द्यावा व त्याची पोच घ्यावी. वृत्ती थकल्यास तोंडी विनवण्या करीत बसू नये. लेखी अर्ज करावा, माहिती अधिकाराखाली अर्ज करून तीस दिवसांत उत्तर मागावे, आणि तरीही न्याय न मिळाल्यास अनेकांनी मिळून उच्च न्यायालयाचे दार ठोठवावे. न्यायालयात अश्रूंपेक्षा पोचपावतीचे वजन अधिक असते.

आणि एक सूचना विहार समित्यांस. सहा महिन्यांची वृत्ती म्हणजे २,२२,००० रुपये. शंभर कुटुंबांनी वर्षभर दरमहा १८५ रुपये बाजूस काढले, तर एवढा निधी उभा राहतो. त्यातून वृत्ती थकलेल्या संशोधकास एका हंगामापुरते बिनव्याजी कर्ज द्यावे. थकबाकी मिळताच त्याने ते परत करावे, म्हणजे तोच पैसा पुढच्याच्या कामी येईल. हे शासनाला त्याच्या जबाबदारीतून मोकळे करणे नव्हे. दावा चालू असताना पीक वाळू नये, एवढ्यासाठीच ही तजवीज.

माता-पित्यांनो, तुमची मुलगी रोगट पाने पिशवीत भरून प्रयोगशाळेत नेते, तेव्हा ती मागे जात आहे असे समजू नका. ज्या भाकरीसाठी तुमच्या आईने दुसऱ्याच्या दारात हात पसरला, त्या भाकरीचे बी ती राखीत आहे. तिला यंदाच्या मृगापूर्वी तिचे विद्यावेतन मिळाले की नाही, हे आजच तिला पत्र लिहून विचारा. आणि मिळाले नसेल, तर पहिला अर्ज तिच्याबरोबर बसून लिहा.