अड्डे बदलतील, घर तरी असू द्या

मुंबईत कुलाब्याला 'वूडू' नावाचा पब होता. शनिवारची रात्र तिथे समलिंगी मुलांची असायची. पुढे तो बंद झाला. आता पार्ट्या कधी या हॉटेलात, कधी त्या. ओळखी मोबाईलवरच होतात. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की दोन प्रौढांचे संमतीचे संबंध हा कलम ३७७ खाली गुन्हा नाही.

'आपल्या भंडाऱ्याला त्याचं काय?' असं म्हणाल, मैत्रिणींनो. पण अशी मुलं काय मुंबईतच जन्मतात? तुमसर-साकोलीतही असतात. त्यांना कुठला आला पब? मनातलं बोलायला माणूस शोधायचा तर नागपूर गाठावं लागतं.

आणि आपण? 'लग्न केलं की सुधारेल' म्हणत त्याला बोहल्यावर चढवतो. त्याची घुसमट होतेच, शिवाय दुसऱ्याच्या लेकीचा संसार पणाला लागतो. तिला कारण कळत नाही. नावं मात्र तिलाच ठेवली जातात.

पब उघडतील, बंद पडतील. मुलाने धीर करून सांगितलंच, तर आधी ऐकून घ्या. मुली बघायची घाई करू नका. आईजवळ बोलता आलं, तर त्याला लपायला जागा शोधावी लागणार नाही.