कुत्र्याचा मधुमेह आणि घरचे घड्याळ

आठ-नऊ वर्षांचा, अंगाने भरलेला कुत्रा एकाएकी पाण्याचे भांडे पुन्हा पुन्हा रिकामे करू लागतो. रात्री दोन-तीनदा दाराशी जाऊन उभा राहतो, कधी घरातच लघवी करतो. खाणे वाढते, पण वजन मात्र उतरत जाते. गॅलरीत त्याने लघवी केलेल्या जागी मुंग्या जमतात. ‘आता वय झाले, दुसरे काय!’ असे म्हणून घरची माणसे सोडून देतात. काही जण तर फरशी ओली होते म्हणून त्याचे पाणीच कमी करतात. असे कधीही करू नये. मुक्या जनावरालाही मधुमेह होतो आणि ही त्याची लक्षणे असू शकतात. लघवी व रक्त तपासल्यावाचून खात्री होत नाही, म्हणून पशुवैद्याकडे जाण्यास उशीर लावू नये.

मधुमेहाचे नाव निघताच घरात पहिला प्रश्न येतो, ‘गोळ्यांनी भागणार नाही का?’ नाही. माणसांत पुष्कळांना गोळ्या पुरतात, कारण त्यांच्या शरीरात थोडेफार इन्शुलिन तयार होत असते. कुत्र्याच्या मधुमेहात बहुधा स्वादुपिंडातील इन्शुलिन बनवणाऱ्या पेशीच नष्ट झालेल्या असतात. त्यामुळे आजोबांच्या गोळ्या, कारल्याचा रस, मेथीचे पाणी यांनी काही साधत नाही. उलट त्यात जे दिवस जातात, ते जिवावर बेतू शकतात. त्याला हवे असते इन्शुलिनच, आणि तेही साधारणतः दिवसातून दोनदा, जन्मभर.

हे औषध मुळात कुत्र्यांमुळेच माणसाला मिळाले, हे फार थोड्यांना ठाऊक असते. १८८९ मध्ये मिंकोव्हस्की आणि फॉन मेरिंग या शास्त्रज्ञांनी एका कुत्र्याचे स्वादुपिंड काढले, तेव्हा त्याला मधुमेह झाला आणि या रोगाचे मूळ कळले. १९२१ मध्ये टोरांटोला बँटिंग आणि बेस्ट यांनी स्वादुपिंडाचा अर्क टोचून मधुमेही कुत्र्यांची साखर खाली आणली. १९२२ च्या जानेवारीत तो अर्क एका मुलाला दिला गेला. त्यानंतर लाखो माणसे वाचली.

बंगळूरसारख्या शहरात सुईपेक्षा अवघड वाटते ते घड्याळ. दोन सुयांमध्ये सुमारे १२ तासांचे अंतर हवे. सकाळी सातला सुई दिली, पण संध्याकाळी सातला घरधनी सिल्क बोर्डच्या चौकात गाडीत अडकलेला, असे इथे रोजचेच. म्हणून वेळ ठरवताना पुस्तकातली नव्हे, घराला खरोखर पाळता येईल अशी वेळ निवडावी. कामाला जाणाऱ्यांना सकाळी सहा व संध्याकाळी सहापेक्षा सकाळी आठ व रात्री आठ सोयीचे जाते. शिवाय घरातल्या किमान दोघांनी सुई टोचायला शिकावे. गणपतीला गावी जायचे झाले, तर शिकलेला माणूस मागे राहिला पाहिजे किंवा कुत्रा बरोबर गेला पाहिजे. फ्रिजवर एक तक्ता लावून सुई दिली की खूण करावी, म्हणजे आईने दिलेली सुई मुलगा पुन्हा देणार नाही.

क्रम असा ठेवावा : आधी जेवण, मग सुई. कुत्रा जेवला नाही किंवा त्याने उलटी केली, तर नेहमीचा पूर्ण डोस देऊ नये. डॉक्टरांना फोन करावा. एखादी वेळ चुकली, तर पुढच्या वेळी दुप्पट देऊ नये. औषध थोडे बाहेर सांडले असे वाटले, तरी पुन्हा टोचू नये. खांद्यामागची सैल कातडी चिमटीत धरून सुई घालायची असते. सुई बारीक असल्याने कुत्रा सहसा फारशी कुरकुर करत नाही. जागा रोज थोडी बदलावी.

सिरिंजची चूक सर्वांत घातक. आपल्याकडे इन्शुलिनच्या बाटल्या ४० आणि १०० युनिट अशा दोन ताकदींत मिळतात. ४० च्या बाटलीला ४० चीच सिरिंज लागते. तिचे टोपण सहसा लाल असते, १०० च्या सिरिंजचे नारिंगी. १०० चे औषध ४० च्या सिरिंजमध्ये भरले, तर डोस अडीच पट जातो. औषध घेताना बाटली व सिरिंज दोन्ही वाचूनच घ्यावी. बाटली फ्रिजमध्ये ठेवावी, पण बर्फाच्या कप्प्यात नव्हे. दुधाळ दिसणारे इन्शुलिन जोरात हलवू नये, दोन्ही तळव्यांत हळूवार फिरवावे.

खाणे रोज सारखे, मोजून आणि ठरल्या वेळी द्यावे. आजीच्या हातचा पेढा, मुलांचे ग्लुकोज बिस्किट, कामवाल्या बाईंनी मायेने टाकलेला गोड भात, हे सारे बंद. मात्र ‘शुगर-फ्री’ मिठाई किंवा च्युइंग गम त्याहून वाईट. त्यांतल्या काहींत झायलिटॉल असते. ते कुत्र्याला विषासमान आहे.

साखर वाढण्यापेक्षा ती एकदम उतरणे अधिक धोक्याचे. कुत्रा थरथरू लागला, झोकांड्या खाऊ लागला, गळून पडला, तर लगेच हिरड्यांना मध किंवा साखरेचा पाक चोळावा आणि डॉक्टर गाठावा. बेशुद्ध कुत्र्याच्या तोंडात पाणी ओतू नये. अशा वेळेसाठी मधाची बाटली नेहमी हाताशी ठेवावी. घरच्या मीटरवर कानाच्या कडेचा थेंब तपासता येतो. पण माणसांचे मीटर कुत्र्याच्या रक्ताची साखर अनेकदा कमी दाखवते. म्हणून त्या आकड्यावरून डोस आपल्या मनाने बदलू नये.

मादीचा गर्भाशय काढलेला नसेल, तर माजानंतर साखर आवरत नाही. शस्त्रक्रियेविषयी डॉक्टरांना अवश्य विचारावे. बहुतेक मधुमेही कुत्र्यांना पुढे मोतीबिंदू होतो. त्याने घाबरून जाऊ नये. खुर्च्या-टेबले जागची हलवली नाहीत, तर नाकाच्या जोरावर तो घरात सहज वावरतो. काहींच्या मोतीबिंदूवर शस्त्रक्रियाही करता येते.

बंगळूरमध्ये हेब्बाळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५८ पासून आहे आणि त्याच्या रुग्णालयात पाळीव प्राण्यांवर उपचार होतात. जवळचा खासगी डॉक्टरही चालेल. मात्र एकदा धरलेला डॉक्टर सारखा बदलू नये, कारण योग्य डोस सापडायला काही आठवडे आणि अनेक तपासण्या लागतात.

याच आठवड्यांत पुष्कळ घरे हात टेकतात. ‘त्याला त्रास देण्यापेक्षा झोपवलेलेच बरे,’ असे कोणीतरी सुचवते. तो निर्णय पहिल्याच आठवड्यात घेऊ नये. साखर आटोक्यात आली की तहान कमी होते, वजन भरते, शेपटी पुन्हा हलू लागते, आणि असे कुत्रे पुढे कित्येक वर्षे सुखाने जगतात. त्यासाठी घराला खर्च सोसावा लागतो, आणि रोज दोनदा ठरल्या वेळी कोणीतरी घरी असावे लागते.