तीस वर्षांचा प्रोजेक्ट

फेब्रुवारी लागला की आमच्या हॉस्टेलमध्ये फायनल इयरवाल्यांना एकच प्रश्न विचारला जातो, "प्रोजेक्ट कुठून घेतलास?" 'कुठवर आला' असं कोणी विचारत नाही. दुकानात सर्किट, रिपोर्ट, पीपीटी असं सगळं एका पिशवीत मिळतं, वर व्हायवाची उत्तरंही. दुसऱ्यांना नावं ठेवण्याआधी कबूल करतो, आमच्या चौघांच्या ग्रुपनेही पैसे काढून अ‍ॅडव्हान्स दिला होता. प्रोजेक्ट कोणता? तोच, अंधांसाठी काठी. अडथळा आला की बीप वाजणारी. दर वर्षी कोणीतरी करतंच.

रिपोर्टच्या प्रस्तावनेसाठी अंधत्वावर दोन पानं हवी होती. ती लिहिण्याचं काम माझ्या गळ्यात पडलं, म्हणून वाचायला बसलो आणि डॉ. जीन बेनेट यांची गोष्ट सापडली. दोन पानं बाजूलाच राहिली.

बेनेट अमेरिकन. १९८० मध्ये बर्कलेला प्राणिशास्त्रात पीएच.डी. केली. आपल्याकडे तिथे शिक्षण संपलं असतं. पण जनुकं वापरून आजार बरे करायचे तर माणसाचं शरीरही कळायला हवं, म्हणून त्या हार्वर्डला जाऊन पुन्हा विद्यार्थी झाल्या आणि १९८६ मध्ये डॉक्टर होऊन बाहेर पडल्या. तिथेच त्यांना अल्बर्ट मॅग्वायर भेटले. पुढे ते दृष्टिपटलाचे सर्जन झाले आणि बेनेट यांचे यजमानही. डोळ्याच्या पडद्यात चांगलं जनुक सोडून आंधळेपण घालवता येईल का, असं मॅग्वायर यांनी विद्यार्थी असतानाच विचारलं होतं. बेनेट हो म्हणाल्या. त्या वेळी कोणतं जनुक बिघडलंय ते माहीत नव्हतं, ते पेशीत पोचवायचं साधन नव्हतं, प्रयोगाला योग्य प्राणी नव्हता. आमच्या गाईड सरांकडे असा सिनॉप्सिस नेला असता तर सरांनी तिथल्या तिथे फाडला असता!

आजाराचं नाव लेबर कंजेनिटल अमोरोसिस. जन्मापासून किंवा अगदी लहानपणापासून दिसत नाही. त्याच्या एका प्रकारात आरपीई-६५ नावाचं जनुक बिघडलेलं असतं, हे १९९७ मध्ये कळलं. आपल्या भाषेत सांगायचं तर पडद्यातल्या पेशी म्हणजे चार्ज होणारी बॅटरी. प्रकाश पडला की त्यांच्यातलं 'अ' जीवनसत्त्वापासून बनलेलं रसायन आकार बदलतं, म्हणजे बॅटरी उतरते. त्याला पुन्हा मूळ रूपात आणायला आरपीई-६५ हे प्रथिन लागतं. ते नाही म्हणजे चार्जरच नाही. बॅटरी बरीच वर्षं शाबूत असते, पण उतरलेली. मग हळूहळू पेशी मरतात. चांगलं जनुक एका निरुपद्रवी विषाणूत भरून पडद्याखाली टोचायचं, म्हणजे चार्जर परत बसवायचा, ही कल्पना.

कल्पना सांगायला दोन मिनिटं लागतात. प्रत्यक्षात १९९६ मध्ये दुसऱ्या एका जनुकावर उंदरांत केलेल्या प्रयोगात पेशींचं मरण थोडंफार लांबलं, एवढंच हाती आलं. १९९९ मध्ये त्यांच्याच पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात जनुकोपचाराच्या एका वेगळ्याच चाचणीत अठरा वर्षांचा मुलगा दगावला आणि सगळ्या क्षेत्राकडे लोक संशयाने बघू लागले. बेनेट आणि त्यांचे सहकारी थांबले नाहीत. २००० मध्ये त्यांनी ब्रिआर्ड जातीच्या, हाच दोष असलेल्या कुत्र्यांवर उपचार केले. आंधळी कुत्री बघू लागली. ते संशोधन २००१ मध्ये छापून आलं.

या सगळ्यातली मला सगळ्यात भिडलेली गोष्ट मात्र प्रयोगशाळेतली नाही. या पद्धतीच्या पेटंटवर बेनेट यांचं नाव होतं. २००२ मध्ये त्यांनी त्यातला आपला आर्थिक हक्क सोडून दिला. ज्या औषधातून आपल्याला पैसा मिळणार, त्याची माणसांवरची चाचणी आपणच घेतली तर निकालावर विश्वास कोण ठेवणार? आपण इथे पॅकेजवरून माणसाची किंमत ठरवतो, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

२००७ मध्ये फिलाडेल्फियात पहिल्या रुग्णाला इंजेक्शन दिलं गेलं. लंडनमधला एक गट त्याच वाटेवर होता आणि २००८ मध्ये दोघांचे निष्कर्ष एकाच वेळी प्रसिद्ध झाले. पण पुढे एक इंजिनिअरिंगचाच प्रश्न उभा राहिला. रुग्णाला 'जास्त दिसतंय' हे मोजायचं कसं? नेहमीचा अक्षरांचा तक्ता चांगल्या उजेडात वाचता येतं का ते सांगतो, आणि या रुग्णांची मुख्य अडचण अंधुक उजेडातली. म्हणून त्यांनी बाणांचा, अडथळ्यांचा, पायऱ्यांचा एक मार्गच आखला. उजेड १ लक्सपासून ४०० लक्सपर्यंत बदलायचा, रुग्ण कमीत कमी किती उजेडात चालत जातो ते बघायचं. चालण्याचं चित्रीकरण करायचं आणि गुण द्यायचे ते कोणाला उपचार मिळालेत हे माहीत नसलेल्या परीक्षकांनी. २०१७ मध्ये निकाल छापले गेले. वर्षभरानंतर उपचार घेतलेल्या २० पैकी १३ जण १ लक्समध्ये, म्हणजे जवळजवळ अंधारात, तो मार्ग पार करत होते. उपचार न मिळालेल्या ९ जणांपैकी एकही नाही. १९ डिसेंबर २०१७ ला अमेरिकेत औषधाला परवानगी मिळाली.

सगळं गोड नाही. दोन्ही डोळ्यांची किंमत साडेआठ लाख डॉलर ठरली, त्या वेळच्या दराने पाच कोटी रुपयांहून जास्त. आपल्याकडच्या कोणत्या आईबापांना ते परवडणार? शिवाय हा उपचार एकाच जनुकासाठी आहे, आणि डोळ्याचा पडदा बिघडवणारी जनुकं दोनशेच्या वर आहेत. म्हणजे प्रश्न संपलेले नाहीत. कोणाला प्रोजेक्टला विषय मिळत नसेल तर बघा.

हे वाचून झालं आणि मी आमच्या काठीकडे बघितलं. दुकानदाराच्या रिपोर्टमध्ये 'रिझल्ट: सॅटिस्फॅक्टरी' असं आधीच छापलेलं होतं. काठी मात्र कोणी डोळे झाकूनसुद्धा चालवून बघितली नव्हती! मग आम्ही रात्री अकराला कॉरिडॉरमध्ये बादल्या, खुर्च्या मांडल्या, पार्टनरच्या डोळ्यांवर टॉवेल बांधला आणि त्याला चालायला लावलं. बादलीला बीप वाजला. दोरीवर वाळत घातलेल्या चादरीला वाजलाच नाही, आमचा गडी सरळ चादरीत! मऊ कापड आवाजाच्या लहरी गिळून टाकतं, हे मी चार वर्षांत पहिल्यांदा शिकलो. अ‍ॅडव्हान्स बुडाला. आता काठी आम्ही स्वतः करतोय. अजून नीट चालत नाही, आणि खऱ्या अंध माणसाच्या हातात द्यायची तर हिंमतच होत नाही. पण द्यावी लागेल, नाहीतर मोजणार काय?

बेनेट होणं सगळ्यांना जमणार नाही, मला तर नाहीच. पण एक वर्ष एक प्रश्न आपला म्हणून सांभाळायचा आणि उत्तर खरं खरं मोजायचं, एवढं कोणालाही जमेल. त्यासाठी सरांना आणि मॅडमना एकच विनंती. व्हायवाला चालणाऱ्या विकतच्या काठीपेक्षा न चालणाऱ्या स्वतःच्या काठीला दोन मार्क जास्त द्या. ती का चालली नाही हे आम्हाला सांगता आलं, तरच. नाही सांगता आलं तर खुशाल कापा.