भाव करा, पण येऊन करा

भाव न करता जो वस्तू घ्यायला तयार होतो, त्याला मी वस्तू विकत नाही. ऐकायला उलटं वाटेल, पण जुन्या वस्तूंच्या ऑनलाइन बाजारात हीच पहिली खूण आहे.

आमची एरंडवण्यातली इमारत पुनर्विकासाला गेली. मोठ्या घरातला संसार भाड्याच्या दोन खोल्यांत बसेना, म्हणून सागवानी पलंगापासून जादाच्या मिक्सरपर्यंत सगळं मोबाईलवरून विकायचं काम माझ्याकडे आलं. पलंगाची जाहिरात टाकली आणि लगेच एकाचा फोन. आपण फौजेत आहोत, बदली होऊन पुण्यात येतोय, पलंग पसंत आहे, किंमत तुम्ही म्हणाल ती. पाठोपाठ व्हॉट्सॲपवर क्यूआर कोड: 'मॅडम, हा स्कॅन करा, पैसे तुमच्या खात्यात येतील.' बारा हजारांचा वापरलेला पलंग न बघता, एक रुपयाही कमी न करता घेणारा माणूस आपल्याकडे जन्माला यायचाय! मी फोन ठेवून दिला. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत. तरीही कुणी फसलं तर वेळ न दवडता १९३० या क्रमांकावर तक्रार करावी.

त्यामुळे घासाघीस करणाऱ्यांवर माझा राग नाही. त्यांना खरोखर वस्तू हवी असते. माझी तक्रार आहे ती घासाघिशीची रीत बिघडली याबद्दल.

मंगळवार पेठेतला जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो. तिथे पंखा घेणारा माणूस आधी पाती हाताने फिरवून बेअरिंगचा आवाज ऐकतो, वायर ओढून बघतो, 'वाइंडिंग नवं दिसतंय, म्हणजे एकदा जळलेला आहे' असं तोंडावर सांगतो आणि मगच आकडा बोलतो. विकणारा दुखावल्याचं नाटक करतो, गिऱ्हाईक चार पावलं पुढे जातं, मागून हाक येते. हे सगळं ठरलेलं. पण त्यात एक न लिहिलेला कायदाही असतो. तुम्ही आकडा बोललात आणि समोरचा 'घ्या' म्हणाला, की घ्यावंच लागतं. मागे फिरलात तर चार शब्द ऐकावे लागतात. ऐकावेतच.

फोनवर आकडा बोलायला काहीच पडत नाही. 'काकू, लास्ट किती?' हा पहिलाच निरोप. पलंग किती बाय किती, लाकूड कुठलं, गादीसकट की गादीशिवाय, काही विचारायचं नाही. हाच निरोप त्याने आणखी दहाजणांना पाठवलेला असतो. आपण 'अकरा हजार' म्हणालो की 'सहाला देता का?' आणि 'नाही' म्हणालो की अंगठा. सहाच का, हे त्यालाही सांगता येणार नाही.

पण अशा पडेल भावाला अपमान समजून रुसण्यात अर्थ नाही. जॉर्ज ॲकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला होता. गाडीतली खोट विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. चांगली आणि रद्दी गाडी ओळखता येत नसल्याने घेणारा सगळ्यांनाच मधला भाव सांगतो. त्या भावात चांगल्या गाडीचा मालक विकत नाही, तो बाजूला होतो आणि बाजारात उरतो तो माल खराब. ॲकरलॉफना पुढे २००१ मध्ये नोबेल मिळालं. आपल्या वॉशिंग मशीनलाही हेच लागू आहे. गिऱ्हाईक तीन हजार म्हणतं ते मशीनला नव्हे, त्याला न दिसणाऱ्या मोटरला. म्हणून मी बिलाचा फोटो टाकला, ड्रायर फिरतानाचा आवाजासकट व्हिडिओ टाकला आणि खालच्या पत्र्याला आलेला गंजही जवळून दाखवला. त्यानंतरचे फोन माणसांसारखे आले.

विकणाऱ्यांबद्दलही बोललं पाहिजे. जुन्या वस्तूची किंमत काढताना आपण कपाटातलं पिवळं पडलेलं बिल काढतो. 'आम्ही पंचेचाळीस हजारांना घेतलेला' या वाक्याला बाजारात शून्य किंमत आहे. आज नवा केवढ्याला मिळतो, तेवढंच विचारायचं. २२ सप्टेंबर २०२५ पासून एसीवरचा आणि ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला. नवी स्कूटर स्वस्त झाली, त्याच दिवशी पार्किंगमधली जुनीही स्वस्त झाली. आमच्या एका शेजाऱ्यांना हे काही केल्या पटलं नाही. त्यांची स्कूटर अजून पार्किंगमध्येच आहे.

दुसरा विसर वाहतुकीचा. लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्यावरून सागवान खाली उतरवायचं म्हणजे दोन हमाल आणि एक छोटा हत्ती. तो खर्च घेणाऱ्याच्या खिशातून जातो, म्हणजे शेवटी तो आपल्याच किमतीतून वजा होतो. पलंग नेला तो हिंजवडीत नोकरी करणाऱ्या एका तरुण जोडप्याने. मुलगी खाली वाकली, टॉर्च लावून जोड तपासले आणि म्हणाली, 'काकू, इकडचा बोल्ट नाहीये, सुतार बोलवावा लागेल. टेम्पोही लांबचा आहे.' दोन्ही खरं होतं. साडेनऊ हजारांत सौदा झाला आणि वर मी त्यांना चहा पाजला. याला मी भाव करणं म्हणते.

याउलट एका गृहस्थांनी वॉशिंग मशीनचे चार हजार फोनवर कबूल केले. त्यांच्यासाठी मी दोघांना नाही म्हटलं. टेम्पो दारात लावून हे म्हणतात, 'तीनच आणलेत, देऊन टाका आता.' मशीनमध्ये काही खोट? नाही. टेम्पो रिकामा परत गेला. पण उलटंही तितकंच वाईट. एकाला शब्द देऊन, तो वाकडहून निघालेला असताना, दोनशे रुपये जास्त देणाऱ्याला वस्तू विकून मोकळे होणारे महाभाग माझ्या ओळखीत आहेत.

जमिनीच्या आणि गुराढोरांच्या व्यवहारात आपल्याकडे इसार देतात. इथेही तो आणावा. वस्तू डोळ्यांनी बघितल्यावर, त्याआधी बिलकूल नाही, चार-पाचशे रुपये द्यायचे. घेणारा फिरला तर ते गेले, विकणारा फिरला तर त्याने दुप्पट परत करायचे. ॲपवाल्यांनीही एक करावं. ठरवून न आलेल्याच्या आणि शब्द देऊन फिरलेल्याच्या नावापुढे, असं किती वेळा केलं, तो आकडा दिसू द्यावा.

ते होईल तेव्हा होवो. माझ्या प्रत्येक जाहिरातीखाली मात्र एक ओळ आत्ताच असते: फोनवर भाव होणार नाही. येऊन बघा, खोट दाखवा, मी कमी करीन.