मुसक्या बांधलेला बैल आणि मुक्त संगणक

शनिवार, दि. ९ ऑगस्ट २०२५. क्रांतिदिन आणि त्या वर्षी योगायोगाने राखीपौर्णिमाही. त्या दिवशी 'डेबियन' या मुक्त संगणक प्रणालीची १३ क्रमांकाची आवृत्ती जगाच्या हाती विनामूल्य ठेवण्यात आली. ना उद्घाटनाचा सोहळा, ना जाहिरातींचा भडिमार. पुढे दोनच महिन्यांनी, ऐन दिवाळीच्या तोंडावर, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी अमेरिकेच्या मायक्रोसॉफ्ट कंपनीने 'विंडोज १०' या प्रणालीचा पाठिंबा काढून घेतला. चांगले चालणारे कोट्यवधी संगणक एका रात्रीत 'असुरक्षित' ठरले. यंत्र बिघडले नव्हते, वीज गेली नव्हती, मालकाने बिल थकवले नव्हते. दूरदेशीच्या एका कचेरीने ठरविले, एवढेच! या दोन घटना शेजारी शेजारी ठेवून पाहण्याची तसदी महाराष्ट्रातील सुशिक्षित वर्गाने घेतलेली दिसत नाही.

अहिल्यानगर जिल्ह्यातील श्रीगोंदा तालुक्यात, दौंड-मनमाड लोहमार्गावर काष्टी हे गाव आहे. तेथील शनिवारचा जनावरांचा बाजार पंचक्रोशीत प्रसिद्ध आहे. त्या बाजारात बैल घ्यायला आलेला शेतकरी काय करतो? तो आधी जनावराचे तोंड उघडून दात पाहतो. आदत आहे की दोनदाती, सहादाती की जुळलेला, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याविना तो पुढचा शब्द बोलत नाही. मग खूर पाहतो, खांदा चाचपतो, चार पावले चालवून घेतो. सौदा रुमालाखाली बोटे दाबून गुप्तपणे होईल, पण जनावर उघड्यावरच पारखले जाते. एखाद्या व्यापाऱ्याने बैलाला मुसके बांधून आणले आणि "दात पाहायचे नाहीत, मी सांगतो ते वय खरे माना, शिवाय हा बैल तुमच्या मालकीचा होणार नाही, फक्त जुंपायची परवानगी मिळेल, आणि ती मी केव्हाही काढून घेईन" असे सांगितले, तर काष्टीच्या बाजारात त्याची कोणती संभावना होईल, हे सांगण्याची गरज नाही. पण तोच शेतकरी, त्याचा पदवीधर मुलगा, त्यांच्या गावची सोसायटी, शाळा आणि ग्रामपंचायत हे सारे नेमका हाच सौदा संगणकाच्या बाबतीत गेली पंचवीस वर्षे मान खाली घालून करीत आले आहेत.

मुक्त प्रणाली म्हणजे जिचे तोंड उघडून दात पाहता येतात अशी प्रणाली. तिचा मूळ आराखडा कोणीही वाचावा, दुरुस्त करावा, शेजाऱ्याला द्यावा, याला तिचा परवानाच मुभा देतो. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये या विचाराची मुहूर्तमेढ रोवली, १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्याने 'लिनक्स' हा गाभा दिला आणि १९९३ मध्ये इयन मर्डॉक यांनी 'डेबियन'ची स्थापना केली. डेबियन कोणा कंपनीच्या मालकीची नाही. जगभरचे स्वयंसेवक ती घडवितात आणि दरवर्षी मतदानाने आपला प्रमुख निवडतात. २०२३ च्या सप्टेंबरात त्यांची जागतिक परिषद आपल्या कोचीत भरली होती. (प्रत्येक आवृत्तीला 'टॉय स्टोरी' या चित्रपटातील खेळण्याचे नाव देण्याची या मंडळींची रीत आहे. या आवृत्तीचे नाव 'ट्रिक्सी'. गंभीर काम करणाऱ्यांना थोडा पोरखेळही शोभून दिसतो!)

ट्रिक्सीमध्ये नवे काय आहे? त्यात ६९,८३० सॉफ्टवेअर संच आहेत, त्यांपैकी चौदा हजारांहून अधिक या खेपेला प्रथमच आले. लिनक्सचा ६.१२ हा दीर्घ पाठिंब्याचा गाभा आहे, नवे लिबर ऑफिस आहे. पण आकडेवारीपेक्षा तीन गोष्टी आपल्या दृष्टीने मोलाच्या आहेत.

एक तर काळाची मोजणी. जुन्या पद्धतीचे संगणक १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद ३२ बिटांच्या आकड्यात मोजतात. १९ जानेवारी २०३८ रोजी तो आकडा मावेनासा होईल आणि तारीख एकदम १९०१ सालात जाऊन पडेल. 'अजून अवकाश आहे' असे म्हणणाऱ्याने आज दिलेल्या पंधरा वर्षांच्या कर्जाच्या शेवटच्या हप्त्याची तारीख काढून पाहावी. डेबियनने बहुतेक सर्व यंत्रप्रकारांसाठी ही मोजणी ६४ बिटांवर नेली आहे. हजारो संच एकमेकांत गुंतलेले असताना हे काम करणे म्हणजे चालत्या गाडीची चाके बदलणे होय, आणि ते उघड्यावर, सर्वांसमक्ष झाले.

दुसरी गोष्ट पडताळणीची. मूळ आराखडा खुला असला तरी संगणकावर बसणारी तयार वस्तू त्याच आराखड्यापासून बनली आहे कशावरून? या शंकेचे उत्तर म्हणून तोच आराखडा कोणीही, कोठेही पुन्हा घडविला तरी शेवटच्या बिटापर्यंत तीच वस्तू हाती यावी, असा प्रयत्न डेबियन कित्येक वर्षे करीत आहे. ट्रिक्सीत आपल्या संगणकावरील किती संच या कसोटीला उतरले, हे तपासण्याचे साधनही दिले आहे.

तिसरी गोष्ट तर थेट भारताशी जोडलेली आहे. या आवृत्तीत 'रिस्क-फाइव्ह' या खुल्या रचनेच्या प्रोसेसरला प्रथमच अधिकृत स्थान मिळाले. आयआयटी मद्रासचा 'शक्ती' आणि सी-डॅकचा 'वेगा' हे भारतीय प्रोसेसर याच रचनेवर उभे आहेत. उद्या भारतीय बनावटीचा संगणक आपल्या टेबलावर येईल, तेव्हा त्यावर कोणती प्रणाली चालवायची हा प्रश्न निदान अनुत्तरित राहणार नाही.

याच आवृत्तीने जुन्या ३२ बिटांच्या संगणकांवर नव्याने स्थापना करण्याची सोय बंद केली, हेही नमूद केले पाहिजे. तथापि गेल्या पंधरा वर्षांतील बहुतेक यंत्रे ६४ बिटांची असल्याने त्यांना बाधा येत नाही. याउलट 'विंडोज ११' साधारणतः २०१८ च्या अलीकडचा प्रोसेसर आणि विशिष्ट सुरक्षा चिप मागते. शाळेतील २०१५ चा धडधाकट संगणक तिच्या लेखी भंगार आहे.

मायक्रोसॉफ्टने मुदतवाढ देऊ केली, हे खरे. संस्थांसाठी पहिल्या वर्षी यंत्रामागे ६१ डॉलर आणि पुढे दरवर्षी दुप्पट. शाळांसाठी मात्र पहिल्या वर्षी केवळ एक डॉलर! हे औदार्य पाहून कोणाचा कंठ दाटून येत असेल तर त्याने एवढेच ध्यानात घ्यावे, की चहाची गोडी लहानपणी लावली की गिऱ्हाईक जन्मभर टिकते. महाराष्ट्रात एमएस-सीआयटी अभ्यासक्रमातून एका संपूर्ण पिढीने संगणक शिकला. त्या अभ्यासक्रमाने खेडोपाडीच्या मुलामुलींची भीती घालविली, हे त्याचे ऋण नाकारण्याचे कारण नाही. पण संगणक म्हणजे विंडोज आणि लेखन म्हणजे वर्ड, हे समीकरणही त्यातूनच घट्ट झाले. सरकारी नोकरीच्या दारात एका परदेशी कंपनीच्या मालाची ओळख उभी राहिली, आणि कोणाला त्यात काही वावगे वाटले नाही.

वावगे वाटावे असा प्रसंग जुलै २०२५ मध्ये घडला. गुजरातेतील वाडिनारचा तेलशुद्धीकरण प्रकल्प आणि देशभरातील सहा हजारांहून अधिक पेट्रोल पंप चालविणाऱ्या 'नायरा एनर्जी' या कंपनीत रशियाच्या रोसनेफ्टचा ४९.१३ टक्के वाटा आहे. युरोपीय संघाने तिच्यावर निर्बंध लादले. भारताने लादलेले नाहीत, अमेरिकेनेही त्या वेळी लादलेले नव्हते. तरीही मायक्रोसॉफ्टने या भारतीय कंपनीच्या टपाल आणि संपर्कसेवा परस्पर थांबविल्या. पैसे भरलेले, करार झालेला, आणि स्वतःचीच पत्रे स्वतःला उघडता येईनात! कंपनीने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली, तेव्हा काही दिवसांनी सेवा पूर्ववत झाली. आज ब्रुसेल्सच्या शब्दावर वाडिनारचा पडदा काळा होतो. उद्या हेच एखाद्या बँकेच्या, रुग्णालयाच्या बाबतीत होणार नाही, याची हमी कोणी द्यायची? अमेरिकेने महासंगणक नाकारला तेव्हा पुण्याच्या सी-डॅकने डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' उभा केला. तो इतिहास आपण भाषणांत सांगतो आणि भाषणाचे टिपण मात्र वर्डमध्ये टाइप करतो.

यावर एक आक्षेप खुद्द स्वदेशीच्या अभिमान्यांकडूनच येतो, की डेबियन तरी कोठे भारतीय आहे? प्रश्न रास्त आहे. सी-डॅकने २००७ मध्ये आणलेली 'बॉस' ही प्रणाली डेबियनच्याच पायावर उभी आहे. संरक्षण मंत्रालयाची २०२३ ची 'माया' उबुंटूवर, आणि उबुंटू पुन्हा डेबियनवर. त्याच वर्षी आयआयटी मद्रासमध्ये पुढे आलेली 'भारओएस' अँड्रॉइडच्या खुल्या आराखड्यावर बेतलेली आहे. यात लाज वाटण्याजोगे काहीच नाही. लाज वाटावी ती आपल्या घोषणाबाजीची. 'संपूर्ण स्वदेशी' असा डंका पिटायचा आणि ज्यांच्या खांद्यावर उभे आहोत त्यांचे नाव घ्यायला संकोचायचे, हे स्वाभिमानाचे लक्षण नव्हे. विहीर खोदणारा परगावचा असला तरी दोर आणि पोहरा आपल्या हाती असेल तर पाणी कोणी तोडू शकत नाही. चौंडीच्या लेकीने, पुण्यश्लोक अहिल्यादेवींनी, देशभर घाट आणि विहिरी बांधल्या त्या कोणा एकाच्या मालकीसाठी नव्हेत. त्यांचे नाव धारण करणाऱ्या जिल्ह्याला हा विचार परका वाटू नये.

याच जिल्ह्यात विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेच्या काठी सहकारी साखर कारखान्याचा पाया घातला. एकेकट्याला न परवडणारे साधन सर्वांनी मिळून उभारायचे आणि सर्वांनी वापरायचे, या तत्त्वाचे संगणकीय रूप म्हणजे मुक्त प्रणाली. आता गावोगावच्या विविध कार्यकारी सोसायट्यांचे संगणकीकरण चालू आहे. केंद्राने जून २०२२ मध्ये ६३ हजार सोसायट्यांसाठी २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. स्वागतार्ह पाऊल! पण सभासदांच्या खतावण्या ज्या यंत्रांवर चढत आहेत त्यांवर कोणती प्रणाली आहे, ती आणखी किती वर्षे चालेल, हा प्रश्न किती सोसायट्यांच्या वार्षिक सभेत विचारला गेला? काष्टीच्या परिसरातील ऊस इलेक्ट्रॉनिक काट्यावर तोलला जातो, दुधाची फॅट यंत्र सांगते, आणि काट्यात मारल्याची शंका तर ऊस उत्पादकाच्या मनात पिढ्यान् पिढ्यांची आहे. प्रणाली मुक्त झाली म्हणून काट्याचा हिशेब आपोआप खुला होईल असे नाही. पण दात पाहण्याचा अधिकार एकदा मागायला शिकलेला शेतकरी काट्यापाशीही तो मागेल, आणि काहींना नेमकी त्याचीच धास्ती असावी.

केंद्र सरकारने २०१५ मध्येच सरकारी कामात मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. सरकार आपल्या विचाराचे आहे म्हणून या धोरणाच्या अंमलबजावणीतील ढिलाईवर पांघरूण घालण्याचे कारण नाही. या बाबतीत केरळने, तेथील राज्यकर्त्यांशी आपले मतभेद कितीही तीव्र असोत, शाळांतील संगणक शिक्षण मुक्त प्रणालीवर आणून दाखविले. केरळातील सामान्य शिक्षक जे शिकला ते महाराष्ट्रातील शिक्षकाला जमणार नाही, असे म्हणणे हा आपल्याच शिक्षकांचा अवमान आहे.

मध्यमवर्गीय घरांपुरते बोलायचे तर आणखी एक अवघड प्रश्न आहे. 'लिनक्स अवघड असते' असे सांगणाऱ्यांपैकी किती घरांतील विंडोज विकत घेतलेली असते? कोपऱ्यावरचा दुकानदार शे-दोनशे रुपयांत ती 'टाकून' देतो, आणि ती चोरीची आहे हे घरातील शाळकरी मुलालाही ठाऊक असते. ज्या घरात देवापुढे रोज दिवा लागतो, मुलांना शुभंकरोति शिकविले जाते, त्या घरात चोरीच्या मालावर शाळेचा प्रकल्प तयार होतो! विनामूल्य आणि राजरोस मिळणारे सोडून चोरीचे घेण्यात कोणते शहाणपण?

अडचणी नाहीत असे नाही. जुन्या श्रीलिपी वा तत्सम फाँटांत अडकलेला मराठी मजकूर मुक्त प्रणालीवर सहजी उघडत नाही. काही हिशेबी सॉफ्टवेअर केवळ विंडोजवरच चालते. आणि मुक्त असले म्हणजे आपोआप निर्धोक असते, हाही भ्रमच. मार्च २०२४ मध्ये 'एक्सझेड' या छोट्या पण सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये कोणीतरी चोरदरवाजा बसविल्याचे उघडकीस आले. ते सॉफ्टवेअर वर्षानुवर्षे एकटा, थकलेला स्वयंसेवक सांभाळीत होता. मदतनिसाचे सोंग घेऊन त्याचा विश्वास संपादण्यात आला. चोरी सापडली ती आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला, डेबियनच्याच 'अस्थिर' आवृत्तीवर. जोडणीला अर्धा सेकंद जास्त का लागतो, एवढ्या शंकेवरून त्याने आत पाहिले. गंमत अशी, की तो मायक्रोसॉफ्टच्याच नोकरीत होता! आराखडा खुला होता म्हणून तो पाहू शकला. पण जग ज्याच्या जिवावर चालते त्याला हातभार लावायला कोणी नव्हते, हेही तितकेच खरे.

मराठीची कथा याहून वेगळी नाही. 'ॲ' या आपल्या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळायला २००८ साल उजाडले. 'लोहित' हा मुक्त देवनागरी फाँट रेड हॅटने २००४ मध्ये दिला आणि पुण्यातील अभियंत्यांनी त्या काळात मुक्त प्रणालीच्या मराठीकरणाचे मोठे काम केले. पुढे तो वेग राहिला नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला, पेढे वाटले गेले. पण ट्रिक्सीमध्ये मराठी निवडली तरी कित्येक चौकटी इंग्रजीतच उघडतात. त्या भाषांतरासाठी ना कोणाची परवानगी लागते, ना शुल्क, ना संगणकशास्त्राची पदवी. नेटके मराठी आणि रोजचा अर्धा तास पुरतो. ट्रिक्सीला २०३० पर्यंत सुरक्षा पाठिंबा आहे. तिच्या मराठी धारिका आजही उघड्या पडून आहेत: वरच्या ओळीत इंग्रजी वाक्य, खालची ओळ कोरी.